लिव्हरच्या फाईलमधली किडनी

नागपूरच्या धंतोलीत शरीराची वाटणी झालेली आहे. वर्धा रोडवरून आत वळलं की पाट्या वाचतच चालावं लागतं: हृदयाचे डॉक्टर, हाडांचे, मेंदूचे, पोटाचे, किडनीचे. मधल्या जागेत औषधांची दुकानं, पॅथॉलॉजी, सोनोग्राफी, आणि उरलेल्या जागेत गाड्या. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ इथून आणि सीमेपलीकडच्या छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, राजनांदगावहून लोक इथे येतात. गर्दी अशी की पार्किंगसाठी धंतोली नागरिक मंडळाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. गाड्यांचा प्रश्न निदान कोर्टापुढे तरी आला. दोन पाट्यांच्या मधे सापडलेल्या पेशंटचा प्रश्न कुठेच जात नाही.

असा पेशंट म्हणजे लिव्हर सिरॉसिसचा, ज्याची किडनी हळूहळू मान टाकते आहे. तो येतो पोटाच्या डॉक्टरकडे, कारण पोटात पाणी झालेलं असतं, डोळे पिवळे असतात, रक्ताची उलटी होऊन गेलेली असते. किडनीची तक्रार त्याला नसते. बहुतेकदा काही महिन्यांनंतर, कुठल्या तरी आयसीयूत, ‘आता किडनीवर आलंय, डायलिसिस लागेल’ हे वाक्य नातेवाइकांच्या कानावर पडतं आणि तेव्हा किडनीचा डॉक्टर पहिल्यांदा फाईल उघडतो. तोवर यकृत प्रत्यारोपणाची चर्चा सुरू झालेली असते, आणि त्या चर्चेतला सर्वांत अवघड प्रश्न आता किडनीचाच झालेला असतो: ही किडनी मुळात खराब झाली आहे, की लिव्हरने तिला उपाशी ठेवलं आहे? पहिलं असेल तर नवीन लिव्हर बसवून भागणार नाही. दुसरं असेल तर नवीन लिव्हर हेच तिचं औषध. गेल्या साठ वर्षांतलं या विषयातलं जवळजवळ सगळं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं. आणि त्याचं उत्तर ऑपरेशन थिएटरमध्ये मिळत नाही, ते त्याच्या कितीतरी आधी गावातल्या, तालुक्याच्या लॅबच्या कागदांत पडलेलं असतं, असं हा सगळा विषय चाळल्यावर माझं मत झालं आहे.

त्या कागदांपासूनच सुरुवात करू. किडनीचं काम मोजायला आपल्याकडे क्रिएटिनिन हीच रोजची तपासणी. ते स्नायूंमधून येतं, आणि त्याचा कच्चा माल, क्रिएटिन, तयार होतो मुख्यतः लिव्हरमध्ये. सिरॉसिसच्या पेशंटचं लिव्हर कमजोर, दंड-मांड्या वाळलेल्या, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं. त्यात अंगात पाणी साठून ते आणखी पातळ होतं. कावीळ फार वाढलेली असेल तर जुन्या रासायनिक पद्धतीने केलेल्या तपासणीत बिलिरुबिन लुडबुड करतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणजे किडनी अर्धी गेलेली असतानाही रिपोर्टवर ठळक काहीच येत नाही.

प्लास्टिकच्या पिशवीतून निघणारी एखादी फाईल डोळ्यांपुढे आणा. जानेवारीत क्रिएटिनिन ०.६, मार्चमध्ये ०.८, जूनमध्ये १.२. तीन वेगळ्या लॅब, तिन्हींनी शेजारी छापलेल्या मर्यादेत सगळं बसतंय, एकाही आकड्याखाली रेघ नाही. प्रत्येक कागद वेगळा वाचला तर पेशंट ठणठणीत. तिन्ही शेजारी ठेवले तर सहा महिन्यांत आकडा दुप्पट झालेला आहे, आणि वाळलेल्या माणसात दुप्पट होणं म्हणजे किडनीने निम्मं काम सोडून दिलं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये सिरॉसिसमधल्या किडनीच्या अचानक इजेची व्याख्या बदलली ती याच कारणाने. आधी १.५ हा आकडा ओलांडेपर्यंत थांबायची पद्धत होती. आता ४८ तासांत ०.३ ची वाढ किंवा आठवड्याभरात दीडपट वाढ झाली तरी धोका मानायचा, मग आकडा ‘नॉर्मल’ का असेना. स्नायूंवर न अवलंबणारी सिस्टॅटिन सी नावाची तपासणी जास्त खरं सांगते, पण ती महाग आणि सगळीकडे होत नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. सिकलसेलच्या आजारात किडनी सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त गाळते, म्हणून क्रिएटिनिन आणखी कमी दिसतं, आणि याच आजारात लिव्हरही बिघडू शकतं. सिकलसेलच्या रुग्णाचा ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन पाहून निश्चिंत होणं म्हणजे दुहेरी फसवणूक. लघवीतलं प्रोटीन तपासलं तर ही फसवणूक बरीच लवकर उघडी पडते. ती तपासणी स्वस्त आहे आणि सर्रास विसरली जाते.

टेलला पाणी का पोचत नाही

जलोदर झालेल्यांची लघवी कमी होते हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी टिपून ठेवलं होतं. १८६३ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन फ्लिंटने लिहिलं की अशा माणसांच्या किडन्या शवविच्छेदनात बऱ्याचदा चांगल्याच निघतात. मग त्या बंद का पडल्या? उत्तराला शंभर वर्षं लागली. १९६९ मध्ये डॉक्टरांनी एक धाडस केलं. लिव्हर निकामी होऊन, किडनी बंद पडून मरण पावलेल्यांच्या किडन्या त्यांनी किडनीच्या रुग्णांना बसवल्या. नवीन शरीरात त्या चालू लागल्या. १९७३ मध्ये थॉमस स्टार्झल यांच्या गटाने उलटी बाजू दाखवली: लिव्हर बदललं आणि पेशंटची स्वतःचीच बंद किडनी परत सुरू झाली. स्टार्झल म्हणजे ज्यांनी १९६३ मध्ये डेन्व्हरला माणसावर पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं ते. किडनी निर्दोष आहे, याहून जास्त पुरावा काय हवा?

या आजाराला हेपॅटोरीनल सिंड्रोम म्हणतात. पेंचच्या कालव्यावर शेती असलेल्याला तो समजावायला वेळ लागत नाही. धरणात पाणी आहे, पण वरची सगळी दारं उघडी, वरच्यांनी भरून घेतलं, म्हणून टेलच्या शेतकऱ्याची जमीन चांगली असूनही कोरडी. सिरॉसिसमध्ये आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्त तिथेच साठतं. शरीराला वाटतं रक्त कमी पडलं, म्हणून ते बाकीच्या वाहिन्या आवळतं. आवळणीत सर्वांत जास्त भरडली जाते किडनी. उपायही मग त्याच धर्तीचे: धरणात पाणी वाढवा आणि वरची दारं थोडी बंद करा.

पाणी वाढवणं म्हणजे अल्ब्युमिन. वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम, जास्तीत जास्त शंभर ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमच्या तीन बाटल्या दिवसाला, आणि एकेक बाटली काही हजारांची. दोन दिवस असं करून पाहायचं आणि मग ठरवायचं, असा नियम बरीच वर्षं होता. २०२४ च्या नव्या सहमतीत ही ४८ तासांची सक्ती काढून टाकली आहे. कारण दोन दिवस बाटल्या चढवत बसण्यात काही पेशंटचा वेळ जातो आणि काहींच्या फुप्फुसात पाणी भरतं. दारं बंद करणं म्हणजे टर्लिप्रेसिन, किंवा आयसीयूत नॉरअॅड्रिनलिन. टर्लिप्रेसिन आपल्याकडे कित्येक वर्षं वापरात आहे. अमेरिकेने त्याला २०२२ मध्ये परवानगी दिली, तीही ज्या अभ्यासाच्या जोरावर त्या ‘कन्फर्म’ अभ्यासाने दोन्ही बाजू दाखवल्यानंतर. तीनशे रुग्णांच्या त्या अभ्यासात औषध दिलेल्यांपैकी ३२ टक्क्यांची किडनी सावरली, न दिलेल्यांपैकी १७ टक्क्यांची. पण श्वसन निकामी होऊन मरण पावलेले औषधाच्या गटात ११ टक्के होते, दुसऱ्या गटात २. म्हणून आता ऑक्सिजन कमी असलेल्याला, बरेच अवयव बंद पडलेल्याला किंवा क्रिएटिनिन पाचच्या पुढे गेलेल्याला हे औषध जपूनच किंवा मुळीच नाही. दर काही तासांनी मोठे डोस ढोसण्यापेक्षा दिवसभर थेंबथेंब चालू ठेवलं तर कमी औषधात तेवढाच परिणाम आणि कमी त्रास होतो, हेही इटालियन डॉक्टरांनी दाखवलं आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. टर्लिप्रेसिनने किडनी सावरली म्हणजे पेशंट बरा झाला असं नाही, थोडा वेळ मिळाला. त्या वेळात लिव्हरची सोय झाली नाही तर कालव्याची वरची दारं पुन्हा उघडतात. डायलिसिसचंही तेच. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यासाठी डायलिसिस हा पूल आहे. ज्याला प्रत्यारोपण होणारच नाही त्याच्यासाठी तो बहुतेक वेळा कुठेच पोचत नाही, आणि हे नातेवाइकांना सरळ सांगणं हाही उपचाराचा भाग आहे.

शिवाय प्रत्येक बंद पडलेली किडनी उपाशी नसते. जंतुसंसर्गाने किंवा रक्तदाब कोसळल्याने किडनीच्या नळ्या खरोखर जळलेल्या असू शकतात. फार चढलेली कावीळ त्या नळ्यांत पित्ताचा गाळ जमवू शकते. हिपॅटायटीस बी आणि सी किडनीच्या गाळणीवर स्वतंत्र हल्ला करतात. आणि मधुमेहाचा तर आता वेगळाच काळ आला आहे: चरबीमुळे सिरॉसिस झालेल्यांपैकी पुष्कळांना वर्षानुवर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब असतो, आणि त्यांची किडनी लिव्हरच्या आधीच झिजलेली असते. दारूच्या सिरॉसिसमधली ‘उपाशी’ किडनी आणि साखरेच्या सिरॉसिसमधली ‘झिजलेली’ किडनी, दोघींचे क्रिएटिनिन सारखेच दिसतील. बायोप्सीने उलगडा होऊ शकतो, पण रक्त न गोठणाऱ्या माणसात सुई घालायला कोण धजावणार? लघवीतलं एनजीएएल नावाचं प्रथिन आता थोडी मदत करतं. सर्वांत मोठी मदत मात्र जुन्या रिपोर्टांची.

वाचवता येते तिथे

या विषयात सर्वांत कमी बोललं जातं आणि सर्वांत जास्त मिळवता येतं ते इथे. पोटात जंतुसंसर्ग झालेल्या सिरॉसिसच्या १२६ रुग्णांवर बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला, १९९९ मध्ये तो छापून आला. अँटिबायोटिक सगळ्यांना, अर्ध्यांना जोडीला अल्ब्युमिन: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. किडनी बिघडली नुसत्या अँटिबायोटिकवाल्यांपैकी ३३ टक्क्यांची, अल्ब्युमिनवाल्यांपैकी १० टक्क्यांची. रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. फक्त सात-आठ बाटल्यांनी. तरीही पोटातलं पाणी तपासायला पाठवायचंच राहतं, आणि मग संसर्ग कळतच नाही.

पोटातलं पाणी काढणं, ज्याला सगळे टॅपिंग म्हणतात, तेही तसंच. पाच लिटरच्या पुढे काढलं तर प्रत्येक लिटरमागे आठ ग्रॅम अल्ब्युमिन द्यायचं. सहा लिटरला अठ्ठेचाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच बाटल्या. पैसे वाचवायला त्या टाळल्या की पोट हलकं होतं, पेशंट खुशीत घरी जातो आणि तीन-चार दिवसांनी लघवी कमी होते. त्या बाटल्यांचा खर्च मग आयसीयूत दसपटीने भरावा लागतो.

पाठदुखीला, तापाला दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक ही औषधं सिरॉसिसच्या किडनीची उरलीसुरली वाट बंद करतात, कारण ज्या प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर ती तग धरून असते तेच ही औषधं थांबवतात. दोन गोळ्यांनीसुद्धा किडनी बसू शकते. पॅरासिटामॉलला लोक ‘लिव्हरची वैरी’ म्हणून घाबरतात आणि डायक्लो बिनधास्त घेतात. डॉक्टरने सांगितलेल्या कमी मात्रेत सिरॉसिसच्या पेशंटला पॅरासिटामॉलच त्यातल्या त्यात बरं. काढे आणि भस्मांबद्दल बोललं की लोक चिडतात, तरी सांगतो: कोविडच्या काळात गुळवेलीच्या सेवनानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. पुढे इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या.

आणि आपला उन्हाळा. नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पाणी उतरवायच्या गोळ्या चालू, मीठ बंद, डोक्यात अमोनिया चढू नये म्हणून लॅक्टुलोज, त्याने दिवसातून चार वेळा शौचाला, आणि वरून ऊन. एखादा दिवस जुलाब किंवा उलट्या झाल्या की किडनीचा कणा मोडतो. ‘जुलाब लागले तर पाणी उतरवायच्या गोळ्या थांबवा आणि फोन करा’ हे वाक्य प्रत्येक सिरॉसिसच्या चिठ्ठीवर छापलेलं असायला हवं.

आकड्याने ठरणारी रांग

किडनीचं महत्त्व लिव्हरवाल्यांना पुरतं पटलं ते मेल्ड नावाच्या गुणांकनामुळे. मेयो क्लिनिकमध्ये डॉ. पॅट्रिक कामत आणि सहकाऱ्यांनी तो बसवला. बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर आणि क्रिएटिनिन एवढ्या तीन आकड्यांवरून तीन महिन्यांत पेशंट जगेल की नाही याचा अंदाज त्यातून येतो. फेब्रुवारी २००२ पासून अमेरिकेत लिव्हरची रांग याच आकड्याने लागू लागली. म्हणजे ज्याची किडनी बिघडली तो रांगेत पुढे. त्यामुळे जास्त आजारी माणसाला आधी लिव्हर मिळालं, हे खरं. पण कमी स्नायू असलेल्या बायकांचा क्रिएटिनिन कमी दिसून त्या मागे पडल्या, हेही खरं. २०२३ मध्ये अमेरिकेने मेल्ड ३.० लागू करून बायकांना गुण वाढवून दिले आणि क्रिएटिनिनचं वजन कमी केलं. एकवीस वर्षं लागली. आपल्याकडे बहुतेक लिव्हर नातेवाईक देतात, त्यामुळे रांगेचा हा हिशेब तितका थेट लागू नाही. जिवंत दाता मिळाला तर किडनी पुरती बसायच्या आत तारीख ठरवता येते. आपल्या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे आणि तो पुरेसा घेतला जात नाही.

ऑपरेशनविषयी थोडक्यात. जुनं लिव्हर काढताना पोटातली मुख्य नीला पूर्ण चिमटली तर किडनीतून रक्त परत येण्याची वाट बंद होते. म्हणून बरेच सर्जन ती नीला चालू ठेवून नवीन लिव्हर तिच्यावर बसवतात. नवीन लिव्हरमध्ये रक्त सोडण्याच्या क्षणी रक्तदाब कोसळतो, पोटॅशियम उसळतं. त्या काही मिनिटांत भूलतज्ज्ञाचं कसब किडनी राखतं. रक्त जितकं कमी चढवावं लागेल तितकं बरं. ज्याची किडनी आधीच बंद आहे त्याचा मंद गतीचा डायलिसिस ऑपरेशन चालू असतानाही चालवतात. दाता जिवंत असेल आणि मिळालेला लिव्हरचा तुकडा पेशंटच्या मानाने लहान असेल तर पुढचे काही दिवस किडनीची परीक्षा असते.

दोन अवयव एकाला?

१४ ऑगस्ट २०१२ ला चेन्नईच्या ग्लोबल हॉस्पिटलमध्ये विलासराव देशमुख गेले. दोनदा मुख्यमंत्री झालेले, तेव्हा केंद्रात विज्ञान आणि तंत्रज्ञान मंत्री, वय ६७. लिव्हर आणि किडनी दोन्ही निकामी झाल्याने मुंबईच्या ब्रीच कँडीतून त्यांना विमानाने चेन्नईला नेलं होतं. दोन्ही अवयवांचं प्रत्यारोपण करायचा विचार होता, ते होऊ शकलं नाही. लिव्हरसोबत किडनीही लागते हे महाराष्ट्रातल्या घराघरांत पहिल्यांदा कळलं ते त्या आठवड्यात. पद, पैसा, उत्तम डॉक्टर, सगळं हाताशी असताना ज्याची उणीव पडते तो वेळ, हेही कळलं.

एकाच वेळी लिव्हर आणि किडनी बसवायची पहिली शस्त्रक्रिया ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला १९८३ मध्ये झाली. अमेरिकेत मेल्ड आल्यानंतर अशा जोडशस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या, आणि मग लक्षात आलं की काहींना दिलेली किडनी गरजेची नव्हती. लिव्हर मिळाल्यावर त्यांची स्वतःची किडनी उठलीच असती. वाया गेलेली ती किडनी डायलिसिसवर वर्षानुवर्षं बसलेल्या दुसऱ्या कुणाची होती. म्हणून २०१७ मध्ये नियम बांधले: किडनीचं काम ९० दिवसांहून जास्त काळ मंदावलेलं आणि आता गाळण मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, अचानक बसलेली किडनी सलग सहा आठवडे डायलिसिसवर किंवा २५ च्या आत असेल, किंवा काही ठरावीक जन्मजात आजार असतील, तरच दोन्ही. बाकीच्यांना आधी फक्त लिव्हर. मात्र त्यानंतर दोन महिने ते एक वर्ष या काळात किडनी उठली नाही तर किडनीच्या रांगेत त्याला अग्रक्रम. या सोयीला तिकडे सुरक्षाजाळं म्हणतात, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली तरतूद हीच. ती नसती तर कुठलाही डॉक्टर भीतीपोटी दोन्ही अवयव मागणारच.

किती जणांची किडनी उठते? हेपॅटोरीनल सिंड्रोम झालेल्यांवरच्या टोरांटोच्या अभ्यासात प्रत्यारोपणानंतर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची किडनी सावरली. न सावरणाऱ्यांत डायलिसिसचे दिवस जास्त होते. दर दिवसागणिक शक्यता घटत गेली. म्हणजे ‘उपाशी’ किडनीही फार काळ उपाशी राहिली तर खरोखर मरते.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार आहे. २०२३ मध्ये देशात अठरा हजारांहून जास्त अवयव प्रत्यारोपणं झाली, पण मेंदूमृत दाते अकराशेच्या आसपासच. विदर्भापुरतं बोलायचं तर नागपूरचं विभागीय समन्वय केंद्र, झेडटीसीसी, मेंदूमृत दात्यांचे अवयव वाटतं. इथे यकृत प्रत्यारोपण सुरू झालं २०१८ मध्ये, लकडगंज भागातल्या न्यू एरा रुग्णालयात. त्याआधी नागपूरकर दात्यांची लिव्हर ग्रीन कॉरिडॉर करून विमानतळावर आणि तिथून दुसऱ्या शहरांत जात. किडनी प्रत्यारोपण सरकारी सुपर स्पेशालिटीतही होतं. एकाच पेशंटला लिव्हर आणि किडनी मृत दात्याकडून देणं म्हणजे इथल्या अपुऱ्या साठ्यातून दोन वाटे एकाला. माझं मत सरळ आहे: किडनी कायमची गेल्याचा ठोस पुरावा नसेल तर आधी लिव्हर, आणि नंतर लागलीच तर किडनी, शक्य असेल तर दुसऱ्या नातेवाइकाकडून. मात्र त्यासाठी अमेरिकेसारखं सुरक्षाजाळं आपल्या यादीतही लेखी हवं, तोंडी सद्भावना पुरणार नाही.

पुढची वीस वर्षं

लिव्हर बसलं, पेशंट घरी गेला, पेढे वाटले. किडनीची दुसरी लढाई इथे सुरू होते आणि तिचं कारण आहे पेशंटला जगवणारं औषध. १९८४ मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस मिळालं. नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून ते आयुष्यभर घ्यावं लागतं. पण ते किडनीत रक्त नेणारी बारीक वाहिनी आवळतं, वर्षानुवर्षांनी किडनीत व्रण पाडतं, रक्तदाब आणि साखर वाढवतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ६९,३२१ रुग्णांचा हिशेब छापून आला. किडनी सोडून इतर अवयव बसवलेले हे लोक होते. त्यातल्या लिव्हरवाल्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांची किडनी पाच वर्षांत गंभीर बिघडली होती, आणि ज्यांची बिघडली त्यांना मृत्यूचा धोका चारपटीहून जास्त.

त्यातून शिकलेली गोष्ट अशी: कमी द्या, उशिरा सुरू करा, जोडीला दुसरं द्या. किडनी नाजूक असेल तर पहिले काही दिवस बॅसिलिक्सिमॅबचं इंजेक्शन देऊन टॅक्रोलिमस पुढे ढकलतात. मायकोफिनोलेट जोडून त्याचा डोस उतरवतात. महिन्यानंतर एव्हरोलिमसचाही पर्याय असतो. पहिल्या महिन्यात रक्तातली लेव्हल ६ ते १० नॅनोग्रॅम आणि पुढे ४ ते ८ एवढी पुरते, हे आता बरंच मान्य आहे. पूर्वी याहून खूप जास्त ठेवत. ‘लेव्हल कमी आली, म्हणजे लिव्हर जाणार’ ही पेशंटची भीती डॉक्टरने वेळ देऊन काढायला हवी, नाहीतर तो स्वतःच एक कॅप्सूल जास्त घेऊ लागतो.

ही लेव्हल घराजवळच बिघडते. गावातल्या डॉक्टरने खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल, की ती झपाट्याने चढते आणि आठवड्यात क्रिएटिनिन वर. जुलाब लागले तरी चढते. उलट टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं की ती इतकी पडते की लिव्हरच धोक्यात येतं, आणि आपल्या देशात टीबी काही दुर्मीळ नाही. नागपुरात विचारला जाणारच असा प्रश्न म्हणजे संत्री चालतील का. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद, ते औषधाची लेव्हल वाढवतात. संत्रं त्या यादीत सहसा धरत नाहीत. त्याची अडचण वेगळी: टॅक्रोलिमसने रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि संत्र्यात, तसंच नारळपाण्यात, ते भरपूर असतं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ठीक असेल तर एखादं संत्रं खुशाल खा.

पैशाचं बोलल्याशिवाय हा आढावा अपुराच. प्रत्यारोपणाचा खर्च मोठा म्हणून त्यासाठी लोक शेत विकतात, मुख्यमंत्री साहाय्यता निधीकडे अर्ज करतात, ट्रस्टांच्या दारात जातात. पण किडनी वाचवणाऱ्या गोष्टी, म्हणजे टॅपिंगसोबतची अल्ब्युमिन, दर महिन्याचं क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, टॅक्रोलिमसची लेव्हल, यांसाठी कुणी वर्गणी गोळा करत नाही. योजनांची रचनाही अशीच: भरती झालात तर पैसे, बाहेरच्या बाहेर तपासलंत तर खिशातून. लिव्हरच्या ओपीडीतल्या प्रत्येक जलोदराच्या पेशंटला पहिल्या टॅपिंगच्या वेळीच किडनीच्या डॉक्टरनेही पाहावं, अशी व्यवस्था धंतोलीत करणं अवघड नाही. दोन्ही दवाखान्यांत फार तर दोन गल्ल्यांचं अंतर आहे.

तोवर घरच्यांनी एवढं करावं. लिव्हरच्या पेशंटचा एकही जुना रिपोर्ट फेकू नका, आजाराच्या आधीचा, एखाद्या विम्याच्या किंवा नोकरीच्या तपासणीतला असला तरी. फाईलच्या पहिल्या पानावर तारीख आणि क्रिएटिनिन असे दोन रकाने आखा आणि सगळे आकडे क्रमाने उतरवा. पुढच्या वेळी डॉक्टरपुढे बसाल तेव्हा आधी ते पान दाखवा.